बशीरच्या हातातलं बटण

बशीर, तू फोन कट का केला नाहीस?

मला बाकी काही विचारायचं नाही. नगरच्या हॉस्पिटलात बेड मिळायला दुपार का झाली, ॲम्ब्युलन्सच्या मागच्या काचेतून तू हात हलवलास तो मला की माझ्या मागच्या पानटपरीला, हे सगळं मी सोडून दिलं. पण तीस वर्षं माझ्या आवाजाचं बटण ज्याच्या हातात होतं, त्याला त्या दिवशी मोबाईलवरचं एक लाल बटण दाबता आलं नाही? मी बोलत सुटलो की मला कधी आणि कुठं बंद करायचं, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि तो माणूस अकरा मिनिटं नुसता ऐकत राहिला.

मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसाशी असं बोलायची पद्धत नाही, आणि ती पद्धत मला कुणी शिकवायला नको. पोटासाठी मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसतो, पण पंचक्रोशीत मला ओळखतात ते दशक्रियेमुळं. कोल्हारच्या घाटावर, प्रवरेच्या काठी, दहाव्याच्या सकाळी महाराजांचं प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. मोठ्या पुढाऱ्यांना यायला उशीर होतो. ते येईपर्यंत माईक धरून ठेवणारा एक माणूस लागतो. तो मी. गेलेल्या माणसाला मी पाहिलेलं असो वा नसो, सात मिनिटं सहज काढतो. आणि पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, पिंपळाखाली, खुर्चीवर ॲम्प्लिफायर ठेवून तू बसलेला. दोन कर्णे, एक माईक, वायरीचं भेंडोळं आणि तोंडात बडीशेप. गावात लग्न असो, उरूस असो की जयंती, आवाज तुझाच.

पहिल्याच वर्षी मी एका तात्यांना ‘अजातशत्रू’ म्हणालो. तात्यांचे चारही भावांशी बांधावरून कोर्टकज्जे चालू होते आणि चौघंही समोर टोप्या घालून बसले होते. शब्द तोंडातून निघाला आणि कर्णे गप्प. माझे ओठ हलतायत, आवाज नाही. मी माईकला टिचकी मारली, फुंकर मारली. तुझ्याकडं पाहिलं तर तू बडीशेप चावत नदीकडं बघत होतास. मग मी आपलं म्हणालो, ‘तात्यांना भाकरीबरोबर ठेचा लागायचा,’ आणि आवाज परत आला.

नंतर वायरी गुंडाळताना तू म्हणालास, “वक्ते, मशीन माझं हाय. खोटं बोलला की उतरवणार.”

“अरे, श्रद्धांजलीत थोडं चालतं.”

“थोडं चालतं की. पर त्यो अजातशत्रू व्हय? मग मी पैलवान हाय.”

लोकांसमोर तू मला वक्ते म्हणायचास, एकट्यात वक्त्या. तीस वर्षं तो नियम तू पाळलास. मी एखाद्याला ‘निर्व्यसनी’ म्हणायचो आणि माझा आवाज माझ्याच पायाशी पडायचा. लोकांना वाटायचं वायर ढिली आहे. मला माहीत होतं ढिलं काय आहे.

एकदाच तू दगा दिलास. कारखान्यातून घाईनं आलो होतो, खिशातला कागद आदल्या दिवशीच्या भाषणाचा होता. आणि मी त्या आजन्म ब्रह्मचारी गुरुजींबद्दल खणखणीत म्हणालो, ‘त्यांच्या मागे पत्नी, तीन मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे.’ ते वाक्य तू मुद्दाम पूर्ण आवाजात जाऊ दिलंस. उलट मला अजूनही वाटतं की थोडा चढवलास. घाटावरच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. ‘ह्ये खोटं न्हाई बोललास तू, चुकला,’ तू नंतर म्हणालास. ‘चुकीला मी हात लावत न्हाई.’

आणि माझ्या वडिलांच्या दशक्रियेला, आठवतं? सगळ्यांच्या बापांवर बोललेला मी, माझ्या बापावर बोलायला उभा राहिलो आणि दुसऱ्या वाक्याला माझा गळा भरून आला. नुसता भरून आला नाही. हुंदका माईकमध्ये गेला आणि दोन्ही कर्ण्यांतून एखादं म्हसरू हंबरावं तसा बाहेर पडला. तेवढ्यात खट् आवाज झाला. तू उठून उभा राहून हात वर करून सांगितलंस, ‘लाइट गेली, लाइट गेली.’ देवळाच्या कमानीवरचा बल्ब लख्ख जळत होता. शंभरेक माणसांनी तो पाहिला असेल. कुणी बोललं नाही. मला शांतपणे रडता आलं ते तुझ्या त्या खोट्यामुळं. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. वाटलं, म्हणायचं काय त्यात. बरोबर आहे, सात मिनिटं फक्त अनोळखी माणसांसाठी असतात.

मग कोरोनाची ती लाट आली. घाट बंद झाला. दहाव्याला चार माणसं, तोंडाला फडकी, प्रवचन नाही, भाषण नाही. तुझी मशिनं घरात चादरीखाली गेली. आणि मी? माझं तोंड बंद राहिलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. माझ्या हातात मोबाईल होता आणि गावाचा ग्रुप होता. त्या दिवसांत मोठमोठी माणसं जात होती. एक दिवस गायिका, दुसऱ्या दिवशी विनोदी नट, मग तो खलनायक, ज्याला बघून आपण लहानपणी बाकाखाली लपायचो. टीव्हीवर सारखी त्यांची गाणी. मी एकेकावर दीड-दीड पान लिहायला लागलो. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची. ‘सर, डोळ्यात पाणी आणलंत.’ मला कुणी सर म्हणत नाही रे बशीर, कारखान्यातला शिपाईसुद्धा. मला ते आवडायला लागलं. रोज सकाळी टीव्ही लावताना, आज कोण, असं माझ्या मनात यायला लागलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

एका म्हाताऱ्या नटाचा तर मी बळीच घेतला. बातमी आली, मी अर्ध्या तासात त्याचा बालपणापासूनचा प्रवास लिहून टाकला, शेवटी त्याच्या आत्म्याला शांतीही दिली. संध्याकाळी त्या नटानं झोपाळ्यावर बसून, चहा पीत, मी ठणठणीत आहे असा व्हिडिओ टाकला. तुझा फोन आला.

“वक्त्या, लिहिलेलं पुसू नको. ठिव जपून. त्याला पुढं कामाला येईल.”

मी हसलो. तू हसला नाहीस. म्हणालास, “नामदेव गेला, कळलं का?”

नामदेव म्हणजे पेठेतला इस्त्रीवाला. मला कळलं होतं.

“मग एक ओळ बी न्हाई लिहिली त्याच्यावर.”

“अरे, ग्रुपवर त्याला कोण ओळखतं?”

“तू ओळखतो की. तुझी भाषणाची कापडं कोन कडक करायचा?”

मी काहीतरी विषय बदलला. तू परत तिथंच आलास. “त्या हिरोइनीच्या कुत्र्याचं नाव लिवलं तू. नामदेवच्या बायकोचं नाव सांग मला.”

मला माहीत नव्हतं. तुझ्यावर चिडून मी फोन ठेवला. मीच कट केला. बघ, मला जमतं. हे भांडण तिथंच राहिलं, आणि आता मी एकटाच ते दोन्ही बाजूंनी भांडतोय. तुझ्या बाजूनं मी जास्त चांगलं बोलतो.

तेव्हा जे तुला सांगितलं नाही ते सांगतो. मी घाबरलो होतो. नामदेववर एक ओळ लिहिली असती तर दुसरी तुमच्या गल्लीतल्या कुणावर लिहावी लागली असती, तिसरी माझ्या घरातल्या कुणावर. सिनेमातल्या माणसासाठी रडताना एक बरं असतं, रडून झालं की उठून जेवता येतं. शेजारच्या ओट्यावर मागं राहिलेली चप्पल दिसत नाही. मी त्या मोठ्या माणसांच्या आड लपून बसलो होतो, लहानपणी बाकाखाली लपायचो तसा.

त्या मोठ्या माणसांचाही मला राग येतो. त्यांचा काय दोष, ते बिचारेही मेलेच. पण ते आजारी पडले की डॉक्टर दारात येऊन सांगायचे, आज ताप किती, सकाळी काय खाल्लं, रात्री झोप लागली का. चॅनलवाले ते पट्टीवर फिरवायचे. तुझी तब्येत सांगायला कुणी दारात येत नव्हतं. तुझा मेहुणा रफीक गेटबाहेर रिक्षात बसून, आतून ओळखीचा एखादा वॉर्डबॉय निघतो का, ते चार दिवस बघत होता. मला कोल्हारला बसून त्या हिरोच्या रक्तातला ऑक्सिजन किती हे माहीत होतं. तुझा किती हे विचारायचं राहून गेलं.

त्या हिरोचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की हाही लेख त्याचाच होईल, आणि त्याच्यावर पुष्कळ झालेत. तुझा-माझा हिरो, एवढं बास. दहावीत असताना तुझ्या अब्बांची सायकल काढून आपण त्याचा सिनेमा बघायला श्रीरामपूरला गेलो होतो. जाताना तू चालवलीस. येतानाही तूच, कारण मला सिनेमा चढला होता. कॅरिअरवर उभा राहून, तुझ्या डोक्यावर हात ठेवून मी त्याचे डायलॉग मारत होतो. बेलापूरच्या पुढं एका डायलॉगला मी दोन्ही हात पसरले आणि उसाच्या पाटात पडलो. तू सायकल लावलीस, मला वर काढलंस आणि म्हणालास, ‘डायलॉग पुरा कर, मग बस.’

तर तो गेला. सकाळी सातला बातमी आली. तुला हॉस्पिटलात जाऊन चौथा दिवस होता. मी टेबलावर कागद घेऊन बसलो. आयुष्यभराची तयारी झालेली असावी तसं ते उतरत गेलं. दहाच्या सुमाराला तुझा फोन आला.

“वक्त्या,” तू म्हणालास. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मागं काहीतरी सतत फुसफुसत होतं. “ऐक. तुला एक...”

“बशीर, आपला हिरो गेला रे.”

“कळलं. टीव्ही हाय हितं. ऐक...”

“थांब, आधी तू ऐक. झकास उतरलंय. तुझ्याशिवाय खरंखोटं कोण सांगणार मला?”

कसा आहेस, हे मी विचारलं नाही. बशीर, मी चाळीस दिवस ती अकरा मिनिटं सारखी उलटीपालटी करून बघतोय, की कुठंतरी, एखाद्या वाक्याच्या पोटात का होईना, मी तुला कसा आहेस असं विचारलं असेल. नाही विचारलं.

मी वाचायला लागलो. आवाज लावून वाचलं, घाटावर बोलतो तसं. दुसऱ्या पानावर त्याच्या त्या गाण्याचं वर्णन होतं. धुक्यातून, पांढऱ्या घोड्यावरून दौडत येणारा तो राजबिंडा तरुण, असं काहीतरी.

“सायकल,” तू म्हणालास.

“काय?”

“घोडा न्हवता. सायकल हुती.”

“काहीतरीच काय. घोडा होता. पांढरा. मला डोळ्यांसमोर दिसतोय.”

“सायकल... हुती.”

दोन शब्दांच्या मधे तू श्वास घेतलास. तो मला ऐकू आला. चांगला ऐकू आला. आणि मी म्हणालो, “तुला औषधांमुळं भ्रम झालाय.”

मग आपण भांडलो. म्हणजे मी भांडलो. मी तुला त्या सिनेमाचा दिग्दर्शक सांगितला, गाणं कुठं चित्रित केलं ते सांगितलं, घोड्याच्या आयाळीचं वर्णन केलं. तू मधूनमधून ‘सायकल’ म्हणत होतास. शेवटी म्हणालास, “बरं. वाच फुडं.” मी वाचलं. सगळं वाचलं. शेवटचा परिच्छेद मला इतका आवडला होता की तो दोनदा वाचला. मग विचारलं, “कसं झालंय?”

“लांब झालं,” तू म्हणालास. “ठिवतो. सायकल हुती, वक्त्या.”

कुणी बाई काहीतरी बोलली, बहुतेक नर्स, आणि फोन बंद झाला. लगेच तुला आतल्या वॉर्डात हलवलं, मोबाईल काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तू गेलास. तोवर माझा लेख चौथ्या ग्रुपवर पोचला होता. घोड्यासकट.

तुला नगरलाच दफन केलं. चार माणसं, अंगभर प्लास्टिक घातलेली, एकमेकांना खुणेनं सांगत. ज्याच्या आवाजाशिवाय या गावात तीस वर्षं कुणाचं लग्न लागलं नाही, त्याला खाली ठेवताना कुणी मोठ्यानं एक शब्द बोललं नाही. आणि त्या संध्याकाळी टीव्हीवर हिरोच्या अंत्ययात्रेत लोक ओरडत होते, रांगा लावत होते. मी टीव्हीवर चप्पल फेकली. ती टीव्हीला न लागता देव्हाऱ्यातल्या समईला लागली. त्यावर आमची ही म्हणाली, “नेम बी धरता येईना, राग कसला धरताय?”

आठ दिवसांनी मी तुमच्या घरी गेलो. शमीमभाभी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागं बाईनं परक्यासमोर न यायच्या दिवसांत, दाराच्या पडद्याआड. ओट्यावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवलेली, हॉस्पिटलातून आलेली. तुझा चष्मा, चार्जर आणि मोबाईल.

पडद्याआडून भाभी म्हणाल्या, “भाऊ, त्यांचा शेवटचा फोन तुमालाच हुता. अकरा मिनिटं. मी बी त्याच टायमाला लावत हुते. सारखा बिझी लागत हुता.”

मी पिशवीतला चष्मा उचलून परत ठेवला.

“नंतर लागलाच न्हाई,” त्या म्हणाल्या. “काय म्हनले हो ते?”

खोटं बोलायची मला तीस वर्षांची सवय, आणि आवाज उतरवणारा तूच नव्हतास. मी म्हणालो, “तुमचीच काळजी करत होता भाभी. पोरींची. म्हणत होता, शमीमनं फार केलं माझं. अल्लाचं नाव घेत होता.”

 मग भाभी म्हणाल्या, “अकरा मिनिटं हेच?”

“हेच.”

“बरं झालं. तुमच्याशी तरी बोलले.”

आणि मी घरी आलो. चहा प्यायलो. मोबाईलवर ते गाणं लावायला मला आणखी पंधरा दिवस लागले. सायकल होती, बशीर. काळी, आपल्यासारखीच. आणि मागं कॅरिअरवर हिरोचा दोस्त बसलेला. त्या नटाचं नाव मला आठवेना. शोधलं, पण सापडलं नाही.

तू मला काय सांगायला फोन केला होतास? ‘तुला एक...’ म्हणालास. एक काय? निरोप, काम, भीती, शिवी? भाभींसाठी होतं का ते? की नुसता एक विनोद सांगायचा होता? तू बायकोला लावायच्या आधी मला लावलास, आणि मी तुझा उरलेला श्वास एका घोड्यावर घालवला. आणि तू, मूर्खा, तो घालवू दिलास. अजातशत्रूला एक सेकंद सहन केलं नाहीस, आणि त्या दिवशी अकरा मिनिटं. माझ्यावर दया आली होती का तुला? ती मला नकोय. ती परत घे.

आज सकाळी तुझा चाळिसावा झाला. आता दुपारचे तीन वाजलेत, आणि मी हे लिहितोय ते आज काय झालं ते तुला कळावं म्हणून.

परवा भाभींनी बोलावलं होतं. पडद्याआडून म्हणाल्या, “भाऊ, चाळिसाव्याला तुमी बोला. ते मागं गमतीत म्हनायचे, मी गेलो तर वक्त्याला दोन मिनिटं द्यायची. तिसऱ्या मिनिटाला उतरवायचा.”

रफीक तिथंच बसला होता. “आपा, आपल्यात भाषण न्हाई होत. कुराणखानी होती, फातिहा होती, जेवण होतं. लोक काय म्हनतील?”

“लोक त्यांच्या मशीनवर तीस वर्षं बोलले. त्यांच्यावर दोन मिनिटं बोललं तर काय हुतं?” मग मला म्हणाल्या, “भाऊ, त्या दिवशी फोनवर काय म्हनले, ते सगळ्यांसमोर सांगा. पोरींना तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

दोन दिवस मी जेवलो नाही. हे खोटं आहे. जेवलो, पण चव नव्हती. तेच वाक्य फक्त परत म्हणायचं होतं. ‘तुमचीच काळजी करत होता.’ कुणाचं काय बिघडणार होतं? पोरींना बरं वाटलं असतं. उलट खरं सांगितलं तर त्यांच्या बापाचे शेवटचे शब्द काय, तर सायकल. आणि तेही माझ्यामुळं. रोज कारखान्यात जाता-येता मी दोन्ही बाजूंनी वाद घालत होतो, आणि दोन्ही बाजू खोटं सांगायच्याच होत्या.

सकाळी तुमच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं, लांबलांब बसलेली. फातिहा झाली. लिंबाच्या फांदीला तुझा एक कर्णा बांधलेला. वायर अंगणातून दाराच्या पडद्याखाली आत गेली होती. मशीन आत होतं. मला वाटलं, रफीकनं कुणाला तरी बसवलं असेल. पण रफीक तर माझ्यासमोर ताट-वाट्या मांडत होता.

मी माईक हातात घेतला. बशीर, तोंड आपोआप उघडलं. तीस वर्षांची सवय. “बशीरभाईंच्या जाण्यानं आपल्या गावात कधीही न भरून येणारी पोकळी...”

आवाज उतरला.

मी थांबलो. लोकांनी कर्ण्याकडं पाहिलं. मी पडद्याकडं पाहिलं. पडदा हलला नाही. मी परत सुरू केलं, जरा दुसरीकडून. “शेवटच्या फोनवर तो मला म्हणाला, वक्त्या, माझ्या शमीमची...”

कर्णा पूर्ण गप्प. आत कुणाचं तरी बोट बटणावर होतं, आणि ते बोट घाईत नव्हतं. तेव्हा मला कळलं, की तुझ्या बायकोनं तीस वर्षं तुझ्या तोंडून माझं प्रत्येक भाषण घरी ऐकलंय. आठव्या दिवशी ओट्यावर मी जे बोललो, ते तिनं त्याच मिनिटाला ओळखलं होतं.

रफीक म्हणाला, “वायर बघू का, भाऊ?”

“वायर चांगली आहे,” मी म्हणालो. ते माझ्या साध्या आवाजातच गेलं, पण पुढच्या शब्दाला कर्णा परत आला. “मी खोटं बोललो भाभी. तो तुमच्याबद्दल काही बोलला नाही. मी बोलूच दिलं नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं, तो दोनदा ‘ऐक’ म्हणाला. मी त्याला त्या सिनेमावाल्यावरचा माझा लेख वाचून दाखवला. अकरा मिनिटं. शेवटचा परिच्छेद दोनदा.”

आवाज चढला. कर्ण्यानं शिट्टी मारली. माझं वाक्य मशिदीवरून, पेठेवरून, पार पुलाकडं गेलं. रफीक ताट टाकून पडद्याकडं धावला.

“आपा, कमी करा. गावाला ऐकू जातंय.”

“जाऊ दे,” भाभी आतून म्हणाल्या. “त्यांचं भाषण गावाला ऐकू जायचंच.”

मी सगळं सांगितलं. तू श्वास घेतलास ते, मी भ्रम म्हणालो ते. भाभींना फोन बिझी लागत होता तो माझ्या घोड्यामुळं, हेही. धाकटी पोरगी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे तुझ्यासारखे नाहीत, म्हणून मला त्यात बघता आलं. कुणी रडलं नाही. शिवी कुणी दिली नाही, दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

“शेवटी काय म्हणाला?” म्हणून मी मलाच विचारलं, वक्त्यासारखं, आणि माझी मलाच लाज वाटली. “म्हणाला, लांब झालं. घोडा नव्हता म्हणाला, सायकल होती.”

 मग पडद्यामागून भाभींचा आवाज आला, रडलेला नाही, नुसता कोरडा, तू वायरी गुंडाळताना लावायचास तसा.

“मग? खरं कुनाचं निघालं?”

“त्याचं,” मी माईकमध्ये म्हणालो. “सायकलच होती.”

आत खट् झालं. कर्णा मेला. मी माईक तोंडाशी धरून तसाच उभा. कमानीवर बल्ब नव्हता, लाइट गेली असं कुणी ओरडलं नाही. दोन मिनिटं झाली असतील.

बघ. इतकं सोपं होतं, बशीर. एक बटण.